दोन बोटं कमी पडलेला दोरा

...आणि ते पहिलं वाक्य खोड बाई. आकाश-बिकाश काय लिहू नकोस. तुझी आत्या आकाशात नाय काम करत, ठाण्याला पत्र्याच्या शेडमध्ये करते. तिथं अख्खं विमान पण नसतं. मी बघितलंय काचेतून. नुसते पंखाचे तुकडे, पाळण्यासारखे टांगलेले. आसावरीताईंना विहाराच्या स्मरणिकेत छापायचंय ना, आपल्या पोरी कुठवर गेल्या ते? मग मी बोलते तसंच लिही, संचिता. मला वाचता येत नाय, तू मधेच गोड केलंस तर मला कळणार पण नाय. म्हणून आधीच सांगते.

वर लिही, सांगणारी मीराबाई देवराम रोकडे, डोंबिवली, वैशालीची आई. कंपनीचं नाव टाकू नकोस, तिला चालायचं नाय. आणि आजच पुरं करू. उद्यावर टाकलं तर मी परत गप्प बसेन. वर्षभर तेच करतेय.

आम्ही तेव्हा खोपटला राहायचो, एसटी डेपोच्या मागे चाळीत. तुझे आजोबा डेपोत मेकॅनिक. आठ वर्षं बदलीवर होते, म्हणजे आज काम आहे, उद्याचं ठाऊक नाय. वैशू शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन जायची, ती तिथंच बसायची, गाडीखाली वाकून वाकून बघत. आजोबांची एक सवय होती. काम झालं की जुन्या धोतराच्या फडक्यावर सगळे पाने ओळीने मांडायचे आणि बोट लावून मोजायचे. एकदा एक पाना मिळेना. शहापूरची गाडी, माणसं आत बसलेली, कंडक्टर घंटी मारायला तयार. हे बोलले, गाडी सुटणार नाय. पब्लिकने आईबहिणीवरनं शिव्या दिल्या, साहेब येऊन ओरडून गेला. हे आपले गाडीखाली. पाऊण तासाने सापडला, इंजिनखालच्या एका पट्टीवर बसलेला. वैशू सात वर्षांची असेल. घरी येऊन मला बोलली, बाबा अजिबात घाबरले नाहीत. तिला काय माहीत, त्या दिवशी त्यांना भाकर गेली नाय. बदलीवरचा माणूस, साहेबाने नाव कापलं तर चूल कशी पेटायची?

मग तिचं शिक्षण. ते तुला पाठ आहे. म्युनिसिपालटीची शाळा, डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग, सगळं स्कॉलरशिपवर. मग बोलली, विमानाचं शिकायला बंगलोरला जाते. मी बोलले, विमानात आपलं कोण बसलंय आजवर? ती हसली, बॅग भरली आणि गेली. तिकडेच नोकरी लागली, अकरा वर्षं काढली. काय करतेस विचारलं तर सांगायची, पंखाच्या आत एक लोखंडी फासळी असते, ती कॉम्प्युटरवर काढते. तीन वर्षं ती एकच फासळी काढत होती. लोखंडी नाय म्हणते ती, वेगळा धातू असतो. ते तिला विचारून लिही.

माझं तेव्हापासनं एक लागलं. टीव्हीवर कुठं विमान पडल्याची बातमी आली की लगेच फोन. "तुझं होतं का गं ते?" ती बोलायची, नाय आई, ते दुसऱ्यांचं. मी "बरं" बोलून ठेवायची आणि मग मलाच लाज वाटायची, माणसं मेलीत आणि मी बरं काय बोलते. पण आईचं पोट तसलंच असतं. अजून करते मी तो फोन.

ठाण्याला ही कंपनी निघाली तेव्हा ती शेडवरचं काम मागून घेऊन इकडे आली. साहेब लोक बोलले, डिझाइनची माणसं शेडमध्ये कशाला जातात? तर हिचं म्हणणं, मी काढलेल्या फासळीत मेकॅनिकचा हात जात नाय हे मला अकरा वर्षं कोणी सांगितलंच नाय. म्हणून आधी शेडवर काम केलं, मग तपासणीला गेली. चुकलेल्या मालाला लाल चिठ्ठी लावायची. पोरं तिला लाल चिठ्ठी मॅडम बोलायची, तोंडावर नाय, मागनं. आणि मग एक दिवस तिला अख्ख्या शेडची प्रमुख केली, चारशे माणसं.

ते पहिलं वर्ष तिचं फार वाईट गेलं. पंखाचं दुखणं तिला कळायचं, माणसाचं कळायचं नाय. जेवताना ताटाकडे बघत बसायची. मी इथं एमआयडीसीत गोळ्यांच्या पॅकिंगला होते तेव्हाचं तिला सांगितलं. आमची मुकादम गोदूबाई कधी चारचौघीत बोलायची नाय. चूक झाली की पाण्याच्या पिंपाकडे न्यायची, आणि आधी सांगायची की या गोळीत चूक झाली तर कुणाच्या पोटात काय होतं. मग शिवी द्यायची. तुझ्या आत्याने शिवी सोडून बाकी सगळं उचललं.

आणि एक नियम तिने केला, तो नीट लिही, पुढे लागणार आहे. शेडमध्ये एक मोठा हॉल आहे, तिथं पंखातली टाकी जोडतात. आत काही पडता कामा नये म्हणून बांगड्या, मंगळसूत्र, दोरे, सगळं बाहेर काढायचं. दोन बायका मंगळसूत्र काढायला तयार होईनात, कामावर यायच्या बंद झाल्या. वैशूने नियम केला, ज्यांना काढवत नाय त्यांनी वरनं चिकटपट्टी लावा आणि वर हातमोजा, कोट घाला. बायका परत आल्या. तिच्या बरोबरीचे एक प्रशांत साहेब आहेत, ते तेव्हाच बोलले होते, मॅडम, पट्टी सुटते. ती बोलली, सुटणार नाय.

मग मागच्या वर्षी वरचे मोठे साहेब रिटायर व्हायला निघाले. त्यांची खुर्ची म्हणजे सगळ्या कंपनीची, तीन शेड. नावं दोन, एक प्रशांत साहेब, एक आपली. सोमवारी बंगलोरचे मालक आणि परदेशातले विमानवाले येणार, हॉल बघणार, माणसं बघणार, मग ठरवणार. तिच्यापेक्षा मलाच जास्त धडधड. म्हणून रविवारी घरी परित्राणपाठ ठेवला. तू क्लासला गेलेलीस.

गंडादोरा आपल्यात नाय, ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. पण पाठाचा दोरा वेगळा. सगळ्यांनी धरून बसायचं, भन्तेजी पाठ म्हणतात, मग तो कापून मनगटाला बांधायचा. भन्तेजी बायकांना बांधत नाहीत, म्हणून तिचा मीच बांधला आणि माझा तिने. दोन्ही मीच कापले, एकाच मापाचे. एक वीत आणि चार बोटं. हे माप विसरू नकोस.

वैशू बोलली, आई, उद्या मला हॉलमध्ये जायचंय, सकाळी काढते. मी बोलले, तीन दिवस ठेव. ती नको बोलली. तेव्हा मी म्हटलं, "बाबांसाठी ठेव." बाबा गेल्यापासनं त्यांचं नाव घेतलं की तिचं तोंड बंद होतं हे मला ठाऊक. मुद्दाम घेतलं. ती बोलली, बरं, पट्टी लावते.

सोमवारी चारच्या सुमाराला तिचा ड्रायव्हर गोविंदा दारात. एरवी हसत येणारा माणूस, त्या दिवशी चप्पल काढून उभा. बोलला, आजी, मॅडमचे कपडे द्या, आज त्या येतीलसं वाटत नाय. आणि रिकाम्या डब्याची पिशवी माझ्या हातात दिली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. अकराला पाहुण्यांना घेऊन ती हॉलमध्ये गेली, पट्टी, मोजे, सगळं घालून, टाकीत हात घालून काम दाखवलं. मग सगळे जेवले. जेवून हात धुताना बघते तर पट्टी लोंबतेय आणि दोरा नाय. तिकडे हॉलमध्ये टाकीचं झाकण लावायची तयारी, पाहुणे ते बघायलाच थांबलेले. ही तिथं गेली आणि सगळ्यांसमोर बोलली, काम थांबवा, माझ्या मनगटावरचा दोरा हरवलाय. प्रशांत साहेब हळूच बोलले, मॅडम, कँटीनमध्ये पडला असेल, पाहुणे गेले की बघू. तिने ऐकलं नाय. कागदावर लिहून सही करून दिलं. आता चाळीस माणसं बॅटऱ्या घेऊन गुडघ्यावर आहेत, गोविंदा बोलला.

दोरा कुणाचा? माझा. बाबांचं नाव कुणी घेतलं? मी. सत्तावीस वर्षांची तिची मेहनत मी एका दोऱ्यात बांधून घालवली. काय करू सुचेना, हाताला चाळा म्हणून डबा धुवायला घेतला. डब्याची कडी उघडली तर तिच्यात अडकलेला पांढरा दोरा.

गोविंदाने फोन लावला. तिचा फोन आत नेत नाहीत, बाहेर कपाटात असतो. ऑफिसातली मेघना बोलली, घेऊन या, लगेच. मी बोलले, मी पण येते. होते त्या साडीवर गाडीत बसले.

माणकोलीच्या पुलावरनं लवकर जाऊ बोलला, गेलो पण, आणि पुढे खारेगावच्या अलीकडे गाडी अडकली. ट्रकला ट्रक. मी मागे बसलेले, दोरा मुठीत. बसल्या बसल्या मांडीवर सरळ केला आणि वीत टाकली. वीत भरली. मग बोटं ठेवली. एक, दोन. संपला. परत मोजला. ओढून मोजला. दोनच. एक टोक कापलेलं, माझ्या कात्रीचं, आणि दुसरं पिंजलेलं. दोन बोटं कमी, संचिता. म्हणजे तेवढा तुकडा कुठंतरी होता. कँटीनमध्ये, नायतर त्या टाकीत.

आता पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाय. गोविंदाला पण नाय. तो पुढे हॉर्न मारत होता.

मी माझ्या मनगटावरचा दोरा दातांनी सोडला. तोच दोरा, त्याच रिळाचा, एका दिवसाचा. वीत आणि चार बोटं, पुरा. थोडी हळद लागली होती, ती पदराने पुसली. मनात आलं, हा द्यायचा. मिळाला बोलायचं, पुरा आहे बोलायचं. शोध थांबेल, झाकण लागेल, पाहुणे खूश होतील, वैशूला खुर्ची मिळेल. दोन बोटं दोरा. एवढ्या मोठ्या विमानात त्याने काय होणार आहे? उजव्या मुठीत माझा अख्खा धरला, डाव्या मुठीत तिचा तुटका. रस्ता मोकळा झाला. मला वाटत होतं होऊ नये.

गेटवर वॉचमनच्या केबिनमध्ये बसवलं. वैशू आली. पांढरा कोट, डोक्यावर टोपी, गुडघे मळलेले. मागे प्रशांत साहेब. तिने फक्त "मिळाला?" एवढंच विचारलं. माझा उजवा हात वर आला. खरं सांगते, आला. आणि कुठून कोण जाणे, मी द्यायच्या आधी विचारलं, "वैशू, एवढ्याशा दोऱ्याने काय होतं गं?"

तिला घाई होती. आत पाहुणे, चाळीस माणसं खोळंबलेली, खुर्ची चाललेली हातातनं. दुसरी कोणी असती तर बोलली असती, आई, आधी दे, नंतर विचार. ती माझ्या बाजूला बाकावर बसली.

"आई, पंखातच टाकी असते," ती बोलली. "आत तेल भरतात. पत्र्यांच्या फटीत आम्ही डिंकासारखं भरतो, ते सुकलं की तेल बाहेर येत नाय. त्यात दोरा राहिला तर त्याची वात होते. तेल ओढत राहते बाहेर. आज कळणार नाय, उद्या कळणार नाय."

मला इंजिनिअरिंग कळत नाय, पण वात कळते. खोपटला लाइट गेली की मी रॉकेलची चिमणी लावायची, वाती मीच वळायची. एकदा वातीचं टोक चुकून बाटलीच्या बाहेर लोंबत राहिलं. पेटवली पण नव्हती. सकाळी बघते तर फळीवर रॉकेल, बाटली अर्धी. कोणी सांडलं नाय, कोणी हलवलं नाय. दोरा आपला गुपचूप ओढत होता.

उजवा हात मी पदराखाली घेतला. डावा पुढे केला. "हा घे. पण दोन बोटं कमी आहे."

तिने विचारलं, "नक्की?"

"मी कापलाय. वीत आणि चार बोटं."

तिचं तोंड एवढंसं झालं. पण तिथंच उठली, प्रशांत साहेबांना बोलली, झाकण लावायचं नाय, शोध चालू ठेवा. मला बोलली, गोविंदा तुला सोडेल, जेवून घे. आणि आत गेली. माझी उजवी मूठ डोंबिवली येईस्तोवर बंद होती. तळहातावर नखं उमटलेली.

मंगळवारी दुपारी तुकडा सापडला. टाकीच्या कोपऱ्यात, त्या डिंकात, पांढऱ्यावर पांढरा. दोन्ही टोकं भिंगाखाली ठेवून जुळवली म्हणे, तुटलेले पीळ एकमेकांत बसले. तो डिंक सगळा खरवडून परत भरावा लागला. माल तीन दिवस उशिरा गेला, पाहुणे आंबट तोंडाने गेले. मालकांसमोर तिने सांगितलं, पट्टीचा नियम माझा होता आणि चुकीचा होता. नियम रद्द केला. आता प्रत्येक बाईला किल्लीचा छोटा खण आहे, मंगळसूत्र त्यात ठेवायचं, किल्ली बाहेर द्यायची. बायकांना ती स्वतः जाऊन भेटली, एकेकीला, पाण्याच्या कूलरपाशी.

दीड महिना वरनं काही उत्तर नाय. तो दीड महिना मी कसा काढला मला विचार. तिची चावी दारात वाजली की मी तोंड बघायची. मग पत्र आलं. खुर्ची हिला. मेघना सांगते, प्रशांत साहेबच वर बोलले की मी असतो तर पाहुणे गेल्यावरच थांबवलं असतं. खरं-खोटं त्यांना माहीत. पण पत्रात एक वर्षापुरतं लिहिलंय, मग बघू म्हणून. म्हणजे ही पण बदलीवरच, बापासारखी. ते वर्ष या महिन्याअखेर भरतंय आणि अजून कोणी चकार शब्द काढलेला नाय. म्हणून तर माझं जेवण जात नाय. तुला वाटतं आजीला ॲसिडिटी.

पण त्याहून एक जास्त टोचतं. नवीन पोरं कामाला लागली की पहिल्या दिवशी वैशू त्यांना दोऱ्याची गोष्ट सांगते. सांगते काय, तर माझी आई, शाळेची पायरी न चढलेली, डोंबिवलीवरनं आली आणि आल्या आल्या बोलली, दोन बोटं कमी आहे. खरं बोलायला शिक्षण लागत नाय. गेल्या पौर्णिमेला विहारात पण तिने हेच सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या, आसावरीताईंनी हार घातला. मी खिरीची वाटी तशीच खाली ठेवली.

आल्या आल्या मी ते नव्हते बोलले. मी आधी विचारलं होतं. आणि ती "काय होत नाय गं" बोलली असती, नाय तर नुसती खेकसली असती, तर उजवी मूठ उघडली असती. त्या डिंकात ती वात राहिली असती, झाकणाखाली. रोज सकाळी पंचशील म्हणते, चौथं, खोटं बोलणार नाय ते, आलं की जीभ अडखळते.

तिने पोरांना हे सांगायला पाहिजे, माझी फुशारकी नको. सांगावं की माझी आई खोटं बोलायला आली होती, आणि मी घाईत असूनसुद्धा बाकावर बसून तिला समजावलं, म्हणून वाचलो. उद्या तिच्या शेडमधला कोणी मुठीत काही लपवून उभा राहील, तिला वाटेल हा माझ्या आईसारखा आहे, आपणहून सांगेल. नाय सांगणार. तिला बसावं लागेल. हे तिला महिन्याअखेरच्या आधी कळलं पाहिजे, खुर्ची राहो नायतर जावो.

लिहिलंस सगळं? आसावरीताईंना देऊ नकोस इतक्यात. मी आज विहारात गेले की हे वैशूला वाचून दाखव, मी समोर नको. ती छापा बोलली तर छापा. आणि कपाटाच्या खालच्या खणात सुपारीची पितळी डबी आहे, त्यात माझा दोरा आहे, अख्खा. मी तो परत बांधलेला नाय. ती डबी आत्याच्या हातात दे. सांग, आईच्या उजव्या मुठीत हा होता. मोजून घे म्हणावं.